सवडीचा रकाना

जानेवारीतल्या एखाद्या रविवारी उपासना आटोपली की मंडळीची वार्षिक सभा भरते, सरत्या सालचा जमाखर्च वाचला जातो, छपराच्या दुरुस्तीवर नेहमीइतकाच वाद होतो, आणि मग कार्यवाह नव्या सालच्या नेमणुकांची यादी हाती घेतात. रविवारच्या शाळेचे अधीक्षक अमुक, गायनाचे प्रमुख तमुक, आजाऱ्यांच्या भेटींचे काम अमक्या बाईंकडे. ज्यांची नावे उच्चारली जातात त्यांपैकी पुष्कळांना ही वार्ता इतर श्रोत्यांबरोबरच प्रथम कळत असते. देवाच्या घरात, पाळकांच्या देखत आणि भरल्या सभेच्या समक्ष ‘मला जमणार नाही’ असे म्हणण्याचे धैर्य सहसा कोणास होत नाही. मान खाली जाते, टाळ्या पडतात, आणि त्या खाली गेलेल्या मानेची नोंद इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ अशा भारदस्त शब्दांनी होते. पुढे जूनच्या सुमारास, तीच व्यक्ती चार रविवार दिसली नाही म्हणजे तिच्या श्रद्धेविषयी कुजबुज सुरू होते. तिच्या वेळेविषयी मात्र जानेवारीतही कोणी विचारलेले नसते आणि जूनमध्येही नाही.

आमच्या समाजाच्या चरितार्थाकडे ओझरते पाहिले तरी हा प्रश्न किती निकडीचा आहे हे ध्यानात येईल. मराठी ख्रिस्ती कुटुंबांत परिचारिका पुष्कळ, आणि परिचारिकेचा रविवार तिच्या मालकीचा नसतो. तो पाळ्यांच्या तक्त्यावर लिहिलेला असतो. वसईकडचा चाकरमाना पहाटेच्या लोकलने मुंबईला जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. त्याला संध्याकाळच्या बैठकीस हजर राहण्याची आज्ञा करणे हे त्याच्याकडे नसलेले नाणे मागण्यासारखे आहे. नगर जिल्ह्यातल्या आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत तर दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी घरे कुलूपबंद होतात ती उन्हाळा लागेपर्यंत. ज्या जानेवारीत आम्ही नेमणुका करतो, त्याच जानेवारीत मंडळीचा हा कष्टकरी भाग कुठल्याशा कारखान्याच्या फडावर पाचटाच्या कोपीत मुक्कामास असतो. त्याचे नाव यादीत आले तर ते त्याच्या अपरोक्ष येते, आणि न आले तर तो कायमचा नुसता श्रोता ठरतो.

ही बेपर्वाई दुष्टाव्यातून येते असे मला मुळीच वाटत नाही. तिचे मूळ मला आमच्या इतिहासात दिसते. 1813 साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरास सुरू झाले, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या या मुलखातील ख्रिस्ती सेवेचा बराचसा भार मिशनच्या पगारी सेवकांनी वाहिला. पगारी सेवकाची नेमणूक हा सरळ व्यवहार होता. मिशन मुशाहिरा देई, त्याच्या बदल्यात त्या माणसाचा दिवस मिशनच्या मालकीचा होई. हुकूम निघाला की बिऱ्हाड बैलगाडीवर चढे आणि सेवक नव्या गावी रुजू होई. त्याला सवड आहे काय हे विचारण्याचे प्रयोजनच नव्हते, कारण ती आधीच खरेदी झालेली होती. कालांतराने मिशनचा पैसा आटला, मंडळ्या स्वावलंबी झाल्या, सेवा बिनपगारी झाली. परंतु नेमणुकीची भाषा मात्र दप्तरात जशीच्या तशी राहिली. मुशाहिरा गेला आणि हुकूम उरला, अशी ही विलक्षण वारसदारी आहे.

या व्यवहारातील पेच ज्यांनी फार पूर्वी ओळखला ते नारायण वामन टिळक. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ मिशनशी संलग्न राहिलेल्या या कवीने 1917 साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने, वेतनाच्या बंधनापलीकडच्या आणि बाप्तिस्मा झालेल्यांबरोबरच न झालेल्यांनाही सामावून घेणाऱ्या शिष्यसंघाची कल्पना मांडली. दोन वर्षांतच, 1919 च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले. दरबार हा शब्द त्यांनी निवडला याचे मला नेहमी कौतुक वाटते. कचेरीत माणूस हुकमाने हजर होतो, दरबारात तो आपण होऊन, आपल्या ऐपतीप्रमाणे नजराणा घेऊन येतो, असा अर्थ मी तरी त्यातून काढतो. आणि बिनपगारी सेवकाचा नजराणा म्हणजे त्याचा वेळ, मग तो आठवड्याचा एक तास का असेना.

आता धर्मशास्त्राकडे वळतो, कारण सवड विचारणे हा श्रद्धेचा अवमान आहे असे मानणारे सज्जन आपल्या मताचा आधार तेथेच शोधतात. वस्तुतः शास्त्र या बाबतीत आमच्यापेक्षा कितीतरी व्यवहारदक्ष आहे. एकटा मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत न्यायनिवाडे करीत बसतो हे पाहून त्याचा सासरा इथ्रो त्याच्या भक्तीची स्तुती करीत नाही; तू झिजून जाशील, असे सांगून हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमावयास लावतो. नव्याने लग्न झालेल्या पुरुषास वर्षभर लष्करात धाडू नये व कोणतेही काम त्याच्यावर लादू नये, असे अनुवादाचे पुस्तक बजावते. निवासमंडपाच्या सेवेतील लेवी पन्नाशीला पोहोचला की त्याने मेहनतीचे काम सोडावे आणि भाऊबंदांना राखणीत तेवढी मदत करावी, असा दंडक गणनेच्या पुस्तकात आहे. जेरुसलेमात बारा प्रेषितांनी पंगतीच्या व्यवस्थेसाठी सात जण निवडवून घेतले, त्याचे कारण तरी काय होते? वचनाची सेवा आणि वाढपाची देखरेख ही दोन्ही कामे आमच्याच्याने होत नाहीत, ही त्या थोर पुरुषांनी सर्वांसमक्ष दिलेली कबुलीच होती.

परंतु या सर्वांत मला अधिक जवळचा वाटतो तो जखऱ्या याजक. पहिल्या इतिहासात याजकांचे चोवीस वर्ग चिठ्ठ्या टाकून पाडल्याचे वर्णन आहे. प्रत्येक वर्गाची पाळी आली की त्यातील याजकांनी मंदिरात यावे आणि पाळी संपली की परतावे. अबीयाच्या वर्गातील हा वृद्ध जखऱ्या पाळीवर असताना त्याला देवदूताचे दर्शन घडते, त्याची वाचा जाते, वंध्य पत्नीला पुत्र होणार अशी वार्ता कानी पडते. एवढा प्रलय झाल्यावरही लूक एक साधी गोष्ट लिहावयास विसरत नाही, की सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो घरी गेला. घर हे सेवेचे विघ्न नव्हते; सेवेच्या आराखड्यातच घरी जाण्याचा दिवस नमूद होता. आमच्याकडे गुरवांच्या घरांत देवळाच्या पूजेची पाळी भाऊबंदांत वाटलेली असते, तिची आठवण येथे होणे साहजिक आहे. फरक इतकाच, की गुरवाच्या पाळीमागे इनामाचा तुकडा किंवा उत्पन्नाचा वाटा असे. मंडळीच्या स्वयंसेवकाजवळ ना वतन ना वेतन, आणि पाळी संपण्याची तारीखही नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. प्रभूने पेत्राला जाळी टाकून यावयास सांगितले, जकातीच्या नाक्यावरून मत्तयाला उठविले, तेव्हा त्यांची सवड कोठे विचारली? खरे आहे, पण ते बोलावणे सर्वस्व सोडण्याचे होते, आणि सर्वस्व सोडणाऱ्याला पुढे दोन धन्यांची हजेरी द्यावी लागत नाही. आम्ही मत्तयाला जकातीचा नाकाही सांभाळावयास सांगतो, घरच्या मुलांची फीही भरावयास सांगतो, आणि शिवाय निधी समितीचे चिटणीसपद देऊन तो पेत्रासारखा का वागत नाही म्हणून खेद करतो.

सवड पाहूनच माणसे निवडली तर मंडळीचा कारभार निवृत्त आणि रिकाम्या मंडळींच्या हाती जाईल, ही दुसरी भीती. ती मला निराधार वाटते, आणि तिचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. फुरसत मिळते, उसंत लाभते, पण सवड ‘काढावी’ लागते; म्हणजे सवड ही रिकामपणाची शिल्लक नसून भरलेल्या दिवसातून माणसाने स्वखुशीने काढलेला हिस्सा आहे. तो किती आणि कोणत्या वारी काढता येईल हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तेव्हा सवड विचारणे म्हणजे रिकामा माणूस हुडकणे नव्हे. स्त्रियांच्या बाबतीत तर आम्ही एवढेही करीत नाही. घरी असलेल्या बाईचा वेळ हा गावच्या गायरानासारखा, कोणीही जनावरे सोडावी असा, सर्वांनी गृहीत धरलेला असतो.

हे मी तटस्थपणे लिहीत आहे असे मात्र वाचकांनी समजू नये. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीच्या समितीवर असताना, एका परिचारिकेचे नाव रविवारच्या शाळेसाठी मीच सुचविले होते. तिचा आवाज गोड, मुलांना तिचा लळा, आणखी काय पाहावयाचे असे मला वाटले. तिच्या गैरहजेरीचा विषय निघाला तेव्हा ‘बेजबाबदार’ हा शब्दही माझ्याच तोंडून गेला. पुढल्या वर्षी पाळकांच्या सांगण्यावरून, यादी होण्यापूर्वी, मी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला, पर्समधून घडी पडलेला एक कागद काढून माझ्यापुढे पसरला आणि बोट ठेवून म्हणाली, “काका, दुसरा आणि चौथा रविवार माझा. पहिल्याला आणि तिसऱ्याला रात्रपाळी करून येते, तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत. दोन चालतील का?”

समितीच्या वहीत नाव, पद आणि पाळकांची सही असे तीनच रकाने होते. त्या रात्री मी पट्टी घेऊन चौथा आखला. जागा पुरेना, म्हणून सहीचा रकाना थोडा अरुंद करावा लागला.