घोड्याला कुणी विचारलं?

व्हिएन्नाची तिकिटं बघत होतो, तर बायको म्हणाली, "घोडे बघायला एवढ्या लांब?" मला खरं तर कठोपनिषदातला रथ ताडून बघायचाय. तिथे इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. घोड्याचं मत कुणी घेतलेलं नाही.

व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचा घोडेस्वारीचा पांढराशुभ्र मंडप १७३५ साली पुरा झाला. आत येताच स्वार सम्राट सहाव्या चार्ल्सच्या तसबिरीला टोपी काढून मुजरा करतात. 'लेवाद' करताना इथला लिपिझानर घोडा मागचे पाय दुमडून सगळा भार पुठ्ठ्यांवर घेतो, पुढचे पोटाशी ओढतो आणि क्षणभर तसाच तोलून राहतो. हा निग्रह कुणाचा, त्याचा की स्वाराचा? जबरदस्तीने करवून घेतलेल्यात सौंदर्य नसतं, हे ग्रीक झेनोफन इसवी सनापूर्वीच लिहून गेला. ठीक. पण स्वाराच्या कोटाच्या मागच्या खिशात साखर असते, त्याचं काय? (आपले उपास तरी साबुदाण्याच्या खिचडीवाचून कुठे होतात!)

मुख्य खेळाऐवजी सकाळच्या सरावाचं तिकीट घेतोय. स्वस्त पडतं, आणि घोडा अडलाच तर तिथेच अडेल. दुर्बीणही नेणार आहे. त्याचे कान बघायचेत, टवकारलेले की मागे पाडलेले.