शरकाराचा दोरा

श्रावस्तीच्या जेतवनात मालुंक्यपुत्र नावाच्या भिक्षूने भगवान बुद्धांपुढे एक प्रकारची फिर्यादच गुदरली होती: जग शाश्वत की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की भिन्न, मरणोत्तर तथागताचे काय होते, या मुद्द्यांचा निकाल लागणार नसेल, तर आपण संघ सोडून जाऊ. मज्झिमनिकायाच्या त्रेसष्टाव्या सुत्तात बुद्धांनी त्याला दिलेला दृष्टान्त सर्वश्रुत आहे. विषारी बाण रुतलेला मनुष्य, वैद्य शल्य काढावयास समोर बसलेला असताना, मारणाऱ्याच्या कुळाची, गावाची आणि वर्णाची खातरजमा झाल्याखेरीज अंगाला हात लावू देत नाही, आणि उत्तर मिळण्यापूर्वीच प्राणास मुकतो. आपले प्रवचनकार बहुधा एवढ्यावरच थांबतात. वास्तविक त्या घायाळाची चौकशी पुढेही चालू राहते, आणि बाणाची पिसे गिधाडाची, कंकाची की मोराची, काडीवर आवळलेली तांत बैलाच्या स्नायूची, म्हशीच्या की रानातल्या आणखी एखाद्या जनावराच्या, येथवर येऊन पोचते.

या तांतीपाशी मी नेहमी अडखळतो. व्यर्थ पृच्छेचा मासला म्हणून जी पुढे केली, ती शरकाराच्या ओट्यावर मुळीच व्यर्थ नाही. पीस नुसत्या सरसाने चिकटवून भागत नाही. बाण सुटताना धनुष्य धरलेल्या मुठीला घासून जातो, आणि पिसाच्या कण्याचे पुढचे टोक तिळभर जरी उचललेले असले, तरी ते सोडणाऱ्याच्याच कातडीत घुसते. म्हणून ते टोक जखडावयाचे. तांत चघळून, लाळेने मऊ करून गुंडाळली, तर वाळताना ती आपोआप आवळते आणि गाठीवाचूनही पक्की बसते, मात्र दमट हवेत पुन्हा सैल पडते. रेशीम बारीक असून ताण सोसते, आणि पिसाचे केस विलग करीत मळसूत्राप्रमाणे थेट मागच्या टोकापर्यंत नेता येते. जाड सुताने शेपटाला नाहक वजन येते. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या भात्यातील पिसेदेखील भूर्जाच्या डांबरात बसवून वर दोऱ्याने बांधलेली होती. तोच एक प्रश्न घायाळाच्या तोंडी मूर्खपणा ठरतो आणि कारागिराच्या तोंडी धर्म.

आणि येथेच मला दुसरा शरकार आठवतो. भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने, ज्यास आपण परंपरेने दत्तात्रेय मानतो, आपल्या चोवीस गुरूंत त्याची गणना केली आहे. राजाची स्वारी शेजारून गेली तरी बाणात चित्त गुंतलेल्या त्याला पत्ता नव्हता. संत एकनाथांनी १५७३ साली काशीस पूर्ण केलेल्या या स्कंधावरील टीकेमुळे तो मराठी घराघरांत वंद्य झाला, आणि एकाग्रतेचा दाखला म्हणून तो बिनतोडही आहे. तथापि राजा न दिसणे ही साधना मानली, तरी ज्या देहात तो बाण शिरावयाचा तो देहही न दिसणे, यास काय म्हणावे? जेतवनातल्या दृष्टान्तातला बाणही कोणा शरकारानेच, तांत दातांत धरून, तितक्याच तन्मयतेने बांधला असला पाहिजे. अवधूताची त्या घायाळाशी गाठ पडली नाही, आणि बुद्धांनी शरकाराला साक्षीस बोलाविले नाही; त्यामुळे त्याची जबानी कोठेच नोंदलेली नाही.

त्यास गुरू म्हणण्यास माझी हरकत नाही. मात्र राजाच्या स्वारीऐवजी त्याच्या ओट्यावरून वैद्य धावत गेला असता, तर त्याने मान वर करावयास हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.