स्वहस्ते दुरुस्ती आणि कर्तेपणाचा प्रश्न

स्वतःची मोटार स्वतः दुरुस्त करणे हे वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचे काम आहे. तरी त्यात कर्मविचारातले तीन जुने प्रश्न गुंतलेले आहेत. हाताचे काम ही साधना होऊ शकते का? बिघाडाचे खरे कारण सापडले, हे कशावरून ठरवायचे? आणि काम फत्ते झाल्यावर ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा अधिकार माणसाला कितपत पोहोचतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शेवटी तिसऱ्यापाशी येऊन मिळतात.

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात यातला पहिला प्रश्न दर महानवमीला रस्त्यावर उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेल्या आणि १८९८ च्या प्लेगनंतर झपाट्याने वसलेल्या या वस्तीला काडू मल्लेश्वर मंदिरावरून नाव मिळाले. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. महाराष्ट्रातली खंडेनवमी ती इथली आयुधपूजा. त्या दिवशी मोटारी धुऊन त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडू-शेवंतीच्या माळा घालतात, पुढे केळीचे खुंट बांधतात, चाकांखाली लिंबे ठेवतात आणि कोहळा फोडतात. पाने, पक्कड आणि जॅक देवापुढे मांडले जातात. ज्याच्या आधारे जगणे चालते ते साधन जड असले तरी तुच्छ नाही, ही या पूजेमागची श्रद्धा आहे.

मात्र साधनाची पूजा आणि साधनाचा उपयोग यांत आपल्या समाजाने मोठे अंतर ठेवले. पान्याला कुंकू लागले, पण पाना धरून काळवंडलेला हात कमी प्रतीचा ठरला. जाणणारे एकीकडे आणि करणारे दुसरीकडे अशी विभागणी जातिव्यवस्थेने शतकानुशतके टिकवली. शिकलेल्या घरातल्या माणसाला गाडीखाली शिरताना आजही संकोच वाटतो, त्याचे मूळ वेळेच्या किंवा माहितीच्या अभावात कमी आणि या विभागणीत जास्त आहे.

तिच्याविरुद्ध कर्नाटकात आणि महाराष्ट्रात दोन स्वतंत्र परंपरा उभ्या राहिल्या. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या शरणांनी ‘कायक’ हा विचार मांडला. प्रामाणिक अंगमेहनतीला त्यांनी उपासनेचे स्थान दिले. दोर वळणारा नुलिय चंदय्या आणि सांडलेले तांदूळ वेचणारा आयदक्की मारय्या हे त्या मंडळात मानाने बसले. मारय्याने एकदा गरजेपेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत टाकून यायला लावले. म्हणजे कायकात श्रमाइतकीच मर्यादाही महत्त्वाची आहे. वारकरी परंपरेत अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. तेरच्या गोरोबांची कथा याच्या शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचे मूल आले. परंपरेने या कथेत भक्तीची परमावधी पाहिली. हाताने काम करणाऱ्याला तिच्यातून आणखी एक गोष्ट कळते: काम चालू असताना लक्ष कामातच हवे, आणि सावतोबांप्रमाणे देवही तिथेच भेटायला हवा.

गीतेच्या अठराव्या अध्यायातील ४६ वा श्लोक स्वकर्माने ईश्वराची पूजा करण्यास सांगतो. ज्ञानेश्वरांनी त्यावर भाष्य करताना स्वकर्मालाच पूजेची फुले मानले आहे. यावर एक आक्षेप निघतो. मोटार दुरुस्त करणे हे मेकॅनिकचे स्वकर्म, मालकाचे नव्हे. मग मालकाने त्यात हात घालणे हा परधर्म ठरत नाही का? याचे उत्तर जबाबदारीत आहे. जी वस्तू माणूस वापरतो, जिच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका पोहोचू शकतो, ती सुस्थितीत ठेवणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्यातले कोणते काम स्वतः करायचे आणि कोणते जाणत्याकडे सोपवायचे, हा नंतरचा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. बिघाड शोधणे हे न्यायशास्त्रातल्या अनुमानाचे रोजच्या व्यवहारातले रूप आहे. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी असल्याचे अनुमान करावे, हे नैयायिकांचे आवडते उदाहरण. इथे तर धुराचा रंगच हेतू, म्हणजे अनुमानाची खूण, होतो. निळसर धूर म्हणजे इंजिनात तेल जळते आहे. काळा म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त आहे. दाट पांढरा धूर थांबतच नसेल, तर हेड गॅस्केटमधून कूलंट आत झिरपत असण्याचा संभव आहे. पण डिसेंबरच्या पहाटे बंगळूरच्या गारव्यात धडधाकट गाडीच्या नळीतूनही पांढरी वाफ निघते आणि इंजिन तापले की नाहीशी होते. केवळ पांढऱ्या रंगावरून गॅस्केटला दोष देणारा माणूस जिथे साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, नाही तिथेही आढळणारा हेतू धरून बसतो. न्यायशास्त्रात त्याला ‘सव्यभिचार’ हेत्वाभास म्हणतात. अशी चूक वादसभेत शब्दांनी झाकता येईल. इंजिनापुढे ती झाकता येत नाही, कारण नवा गॅस्केट बसवूनही मूळ दोष तसाच राहतो. दुरुस्ती करणाऱ्याची पहिली कसोटी हीच आहे. त्याचे वय, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांचा यंत्रावर काही परिणाम होत नाही. अनुमान खोटे ठरले की ते सोडून द्यावे लागते, आणि सत्यापुढे असे वारंवार नमणे हा मनाचा मोठा संस्कार आहे.

दुसरी कसोटी धीराची. गंजलेला बोल्ट हे तिचे नेहमीचे रूप. गंज सोडवणारे तेल घालून थांबावे लागते, ब्रशने आटे साफ करावे लागतात, पाना नीट बसल्याची खात्री करून बेताने जोर द्यावा लागतो. घाई केली की बोल्टचे डोके गोल होते, आटे जातात किंवा बोल्टच तुटतो, आणि तासाभराचे काम दोन दिवसांवर जाते. गीतेने याच अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत (१८.२६–२८). फळासाठी आसुसलेला, हर्ष-शोकाने हेलकावणारा तो राजस. बेशिस्त, आळशी आणि काम लांबणीवर टाकणारा तो तामस. आणि धृती व उत्साह यांनी युक्त, यशापयशाने न डळमळणारा, अहंकाराची भाषा न बोलणारा तो सात्त्विक. एकाच माणसात एकाच दुपारी हे तिन्ही कर्ते प्रकट होऊ शकतात. बोल्ट निघत नाही तेव्हा राग येतो, मग हातातले काम टाकून द्यावेसे वाटते, आणि थोडे थांबून पुन्हा हात घातला तर तिसरा कर्ता जागा होतो. या अर्थाने गाडीखालची जागा आत्मपरीक्षणाचीही आहे.

तिसरा प्रश्न इथे उभा राहतो. इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागले, की जो आनंद होतो तो खरा आहे. कारण आपल्याला कळले, आणि ते कळणे हाताने सिद्ध झाले, यातून येणारे समाधान विकत घेता येत नाही. पण ‘मी केले’ हा त्याचा अर्थ अपुरा आहे. गीता कर्माची पाच कारणे मोजते (१८.१४): अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या क्रिया आणि दैव. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे. दुरुस्तीत ही पाचही ठळकपणे दिसतात. वाकणारी पाठ आणि स्थिर हात हे अधिष्ठान. पाने, जॅक आणि स्टँड ही साधने. ती दुसऱ्याच कोणी घडवलेली असतात. खोलणे, पुसणे, मोजणे, जोडणे या क्रिया. त्या कोणीतरी आधी शोधून पुढच्यांना शिकवलेल्या असतात. धातू आतून कितपत झिजला आहे, हे दैवाकडे. उरलेला पाचवा हिस्सा तेवढा कर्त्याचा. ब्रेकच्या नळीतली हवा काढण्याचे काम पाहिले तरी हे पटते. रूढ पद्धतीत एकाने पेडल दाबायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी निपल उघडून बंद करायचे, असे ते चालते. एकट्याला जमणे अवघड. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला यथार्थ दिसत नाही, असे गीता पुढच्याच ओघात सांगते. स्वहस्ते दुरुस्तीत ‘स्व’चा अहंकार वाढेल असे वाटते. मनापासून केलेली दुरुस्ती मात्र त्या ‘स्व’ला त्याच्या खऱ्या मापावर आणते.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता-प्रवचनांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा संबंध उलगडला आहे. बाहेरच्या कर्माला मनाच्या शुद्धीचे विकर्म येऊन मिळाले की कर्माचा भार उरत नाही, असा त्यांचा आशय. पैसे वाचवण्यासाठी तेल बदलणे हे कर्म. तेच काम गाडीची, रस्त्यावरच्या परक्या माणसांची आणि पुढे ती चालवणाऱ्याची काळजी मनात धरून केले, तर त्याला विकर्माची जोड मिळते आणि कंटाळवाणे काम हलके होते.

या साधनेला मर्यादा आहेत आणि त्या पाळणे हा तिचाच भाग आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी किंवा १९८३ साली आलेली मारुती ८०० यांचे कार्बोरेटर आणि प्लग मालकाला घरी उघडता येत. आजच्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आणि संगणकीय नियंत्रण आहे. अनेक दोष निदान-यंत्र जोडल्याशिवाय कळत नाहीत. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती कंपनीबाहेरच्या गॅरेजांनाही मिळावी, हा आता कायद्याचा प्रश्न झाला आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध याच मुद्द्यावर आदेश दिला, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरवण्यासाठी समिती नेमली. जाणून घेण्याची वाटच बंद झाली, तर माणूस स्वतःच्या साधनाविषयी कायमचा परावलंबी होतो. म्हणून हा हक्क नैतिक दृष्टीनेही मोलाचा आहे.

दुसरी मर्यादा अहिंसेची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे हे धाडस नसून स्वतःच्या जिवाची हेळसांड आहे. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या कामात अर्धवट माहितीची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते, तेव्हा ते काम जाणत्याकडे सोपवणे हाच धर्म. वापरलेले इंजिन ऑइल कायद्याने घातक कचरा आहे. ते पावसाळी गटारात ओतले तर पाण्याबरोबर तलावांकडे जाते. १८८२ साली बांधलेला सँकी तलाव मल्लेश्वरमच्या कडेलाच आहे. वापरलेले तेल डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे देणे हा दुरुस्तीचा अखेरचा टप्पा समजला पाहिजे.

तेव्हा हाताचे काम साधना होऊ शकते. त्यासाठी त्यात सत्याला नमणे, धीर, इतरांच्या वाट्याची जाण आणि दुसऱ्याच्या जिवाची काळजी हवी. आयुधपूजेत हत्याराला दिलेला मान वर्षभर हत्यार धरणाऱ्या हातालाही मिळाला पाहिजे, मग तो हात घरातला असो की गॅरेजमधला. ज्याने स्वतः एकदा बोल्ट सोडवला आहे, त्याला त्या हाताचे मोल सांगावे लागत नाही.