धरणातले पाणी बांधीत यावे
(तीमथ्याला दुसरे पत्र १ : ५)



नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण कबरी स्वच्छ करतो, फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. मिस्साच्या यादीत आईचे, आजीचे नाव लिहून देतो. हे सारे योग्यच आहे. पण आज मी तुम्हाला एक अवघड प्रश्न विचारणार आहे. ज्या आईचे नाव आपण यादीत लिहिले, तिच्याविषयी आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे?

काही वर्षांपूर्वी एका घरी आजीच्या अंत्यविधीसाठी गेलो होतो. प्रवचनाआधी मी घरच्यांना म्हणालो, "आजींविषयी काही सांगा." मुलगा म्हणाला, "खूप मायाळू होती, फादर." सून म्हणाली, "सगळ्यांचं करायच्या." मी विचारले, "त्यांचं लहानपण कुठं गेलं? त्यांच्या आईचं नाव काय?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एक नातू हळूच म्हणाला, "विचारायचंच राहून गेलं."

त्यांना दोष कसा देऊ? परतताना मला माझी माय आठवली. सेमिनरीत मी तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ वाचले, मनुष्य म्हणजे काय यावर निबंध लिहिले. पण माझ्या मायने शाळा का सोडली, हे मला तिच्या जाण्यानंतर मावशीकडून कळले. माझेही विचारायचे राहूनच गेले होते.

बंधुभगिनींनो, एका मुलाने मात्र वेळेवर विचारले. आपल्या गोंदियावरून पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर राजनांदगाव आहे. १८९३ च्या सुमारास तिकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाने नारायण वामन टिळकांना नव्या कराराची प्रत दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ते कवी म्हणून सर्वांना माहीत आहेत. पण त्या दिवशी त्यांच्या पत्नीवर, लक्ष्मीबाईंवर, काय ओढवले असेल? पदरी लहान मुलगा, नवरा परधर्मात गेलेला, आणि माहेरचे सोवळे इतके कडक की वडील वाणसामानही धुऊन घेत. काही वर्षे ती माऊली मुलाला घेऊन नवऱ्यापासून दूर राहिली. पुढे ती त्यांच्याकडे परतली, तीही स्वतःचा धर्म आणि सोवळे सांभाळून. मग विचार करता करता तिला उमगले की जात माणसाने केली आहे, देवाने नव्हे. ती इतरांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागली आणि १९०० साली तिने स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंना शाळा अशी मिळाली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १९१९ मध्ये टिळक वारले. पुढे वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून मुलगा देवदत्त याने आईला तिच्या आठवणी विचारल्या. त्यातून 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक झाले. १९३४ पासून ते भागाभागांनी प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई देवाघरी गेल्या. त्यांचे राहिलेले लिखाण मुलाने पूर्ण केले आणि पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या पुस्तकाची टिपांसह आवृत्ती तयार केली. आई, मुलगा, नातू! लक्ष्मीबाई प्रोटेस्टंट मंडळीच्या, आपण कॅथोलिक. पण हा धडा दोघांसाठीही आहे.

त्या पुस्तकात लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेले नाही. त्यांचा संताप, घर सोडून निघून जाणे, हातात पैसा न टिकणे, सारे सांगितले आहे. स्वतःच्या फजितीवर तर त्या मनसोक्त हसल्या आहेत. तरीही पुस्तकभर प्रेमच आहे. आपण आईविषयी बोलताना सगळे गुळगुळीत करून टाकतो. ती रागवायची, रुसायची, कधी चुकायची, हे सांगायला आपण भितो. पण 'मायाळू होती' एवढ्यात कोणाचीही आई बसेल. आपली आई त्यात दिसत नाही. जिला देवाने नावाने हाक मारून घडवले, तिला आपण आहे तशी आठवले पाहिजे.

संत पौल तीमथ्याला लिहिताना त्याच्या विश्वासाची आठवण काढतो, तेव्हा मोघम बोलत नाही. तो आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो. हा विश्वास आधी त्यांच्यात होता, असे सांगतो. आपला विश्वासही असाच कोणाच्या तरी चुलीजवळून, कोणाच्या तरी रोझरीच्या मण्यांतून आपल्यापर्यंत आला आहे.

संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया येथे मरणशय्येवर होती. आपण परमुलखात मरणार, पुरणार कुठे, याची मुलांना काळजी. तिने सांगितले की देहाची चिंता करू नका, कुठेही पुरा. फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा. संत ऑगस्टीनने ते केले आणि आईचे जीवन लिहूनही ठेवले. प्रार्थना आणि कहाणी, दोन्ही. प्रभू येशूनेही शेवटच्या भोजनाच्या वेळी आपल्या स्मरणासाठी भाकर मोडायला सांगितली. त्या स्मरणाने तो आपल्यात येतो, आपल्याला बदलतो. ख्रिस्ती स्मरण हे नुसते हळहळणे नव्हे.

आपले इटियाडोह धरण पाहा. गाढवी नदीचे पावसाळ्यातले पाणी तिथे अडते. पण नहर नसता, तर त्या पाण्याचा धानाला काय उपयोग? पाणी बांधीपर्यंत पोहोचले पाहिजे. आपल्या घरातली म्हातारी माणसे अशीच भरलेली असतात. दुष्काळ, बाळंतपणे, मेलेली लेकरे, कर्ज, देवाशी केलेली भांडणे, पुन्हा जडलेला विश्वास, सारे तिथे साठलेले असते. नहर आपण खणायची आहे.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरात आई किंवा आजी असेल तर टीव्ही बंद करून तिच्याजवळ बसा. तीन गोष्टी विचारा: तुझ्या आईचे नाव काय? तुझ्यावर सर्वांत कठीण दिवस कोणता आला? त्या दिवशी तू कोणती प्रार्थना केलीस? मुलांना ते वहीत लिहू द्या. ज्यांची आई गेली आहे, त्यांनी मावशीकडे, मामाकडे जावे. आणि ज्यांनी आईशी अबोला धरला आहे, त्यांना मी हात जोडून विनवतो: कबरीवरची फुले थांबू शकतात, ती थांबू शकत नाही. आजच जा.

हे प्रभो, तूही एका आईच्या मांडीवर वाढलास. आमच्या मायमाऊल्यांना तुझ्या घरी विसावा दे. ज्या अजून आमच्यात आहेत, त्यांचे ऐकायला आम्हाला कान दे. आमेन.

ख्रिस्तात तुमचा,
फादर