न विचारलेला प्रश्न

लखनौच्या हजरतगंज भागात आज जेथे मुख्य टपाल कार्यालय आहे, तेथे पूर्वी रिंग थिएटर होते. काकोरी खटल्याची सुनावणी याच वास्तूत झाली. ६ एप्रिल १९२७ रोजी शिक्षा सुनावल्या गेल्या आणि प्रकरण अवधच्या चीफ कोर्टात अपिलासाठी गेले. आरोपींच्या बाजूने गोविंद वल्लभ पंत, मोहनलाल सक्सेना, चंद्रभानु गुप्त यांच्यासारखी मंडळी उभी होती. रामप्रसाद बिस्मिल यांनी मात्र सरकारने दिलेला वकील नाकारला आणि आपली बाजू आपणच मांडण्याचा आग्रह धरला. २२ ऑगस्ट १९२७ च्या निकालाने चौघांची फाशी कायम राहिली. सरकारच्या मागणीवरून काहींची शिक्षा वाढलीही. चिखलीच्या रामकृष्ण खत्री यांची दहा वर्षांची सक्तमजुरी टळली नाही.

बिस्मिल हरले, पण तो पराभव त्यांचा स्वतःचा होता. जे शब्द न्यायासनापुढे उच्चारले गेले, त्यांचे उत्तरदायित्व त्यांनी स्वतः पत्करले होते. ज्याने वकीलपत्रावर केवळ अंगठा उठवला, त्याच्याविषयी असे म्हणता येईल काय?

कायद्याची जुनी धारणा अशी की, वकील हा पक्षकाराचा प्रतिनिधी. म्हणून त्याचे कृत्य ते पक्षकाराचे कृत्य. व्यवहारात ही धारणा सोयीची आहे. परंतु प्रतिनिधित्वाला नैतिक अर्थ येतो तो निवडीमुळे आणि नियंत्रणामुळे. तुरुंगात बसलेल्या निर्धनाला निवड नसते. कायद्याची भाषा न कळणाऱ्याला नियंत्रण नसते. दुसऱ्याच्या मौनाची शिक्षा त्याने भोगावी, हे कोणत्या न्यायाने?

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक दोषसिद्ध मनुष्य वकिलावर खापर फोडू लागला, तर कोणताही खटला संपणार नाही. अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीला पुन्हा पिंजऱ्यात उभे राहावे लागेल. साक्षीदार मरतील, स्मृती पुसट होतील. न्यायाला अंत हवा, ही मागणी पीडितांचीही आहे आणि ती हलकी नाही. म्हणूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये अशा तक्रारीसाठी दुहेरी कसोटी घातली: वकिलाची कामगिरी खरोखर उणी होती काय, आणि ती तशी नसती तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती काय?

कसोटी समतोल दिसते; तरी तिच्यात एक पेच आहे. अपिलाचे न्यायालय प्रामुख्याने नोंद वाचते. निष्काळजी वकिलाचा दोष मात्र नोंदीत नसलेल्या गोष्टींत दडलेला असतो: न विचारलेला उलटतपासाचा प्रश्न, न बोलावलेला साक्षीदार, न मागितलेली मुदत. जे घडलेच नाही त्याचा पुरावा आरोपीने आणायचा, आणि तोही ज्या नोंदीने त्याला बुडवले तिच्याच आधाराने.

खंडव्याच्या एका खटल्याने हा पेच उघडा केला. नऊ वर्षांच्या मुलीवरील बलात्कार आणि खुनाचा तो आरोप होता. २०१३ मध्ये ज्या दिवशी दोषारोप ठेवले गेले, त्याच दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला, आणि पंधरवड्याच्या आत फाशी सुनावली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला, आणि अशा गंभीर खटल्यांत सरकारी खर्चाने नेमलेल्या वकिलाला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत, असे सांगितले. फेरसुनावणीत पुन्हा फाशी झाली. डीएनए पुराव्याची नीट तपासणी झाल्यावर २०२४ मध्ये तो मनुष्य निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली. त्या बालिकेला न्याय मिळाला काय, या प्रश्नालाही घाईने दिलेल्या त्या पहिल्या निकालाने उत्तर दिले नव्हते. केवळ उत्तराचा आभास निर्माण केला होता.

म्हणजे न्यायाला अंत हवा हे खरे. परंतु जे सुरूच झाले नाही त्याचा अंत कसा व्हावा? आरोपीच्या बाजूने कोणी बोललेच नसेल, तर खटला एकतर्फी निवेदन ठरतो. वकील देणे हे राज्याचे कर्तव्य मानले, तर तो नाममात्र ठरल्याचा भारही राज्यानेच उचलला पाहिजे.

अवधचे चीफ कोर्ट १९४८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात विलीन झाले. लखनौच्या खंडपीठासमोर अपिले येतच असतात. त्यांतील प्रत्येक अपीलकर्ता बिस्मिल नसतो. निर्दोषही असेलच असे नाही. त्याच्या वतीने विचारायचा प्रश्न एकदा तरी विचारला गेला होता काय, एवढे पाहिल्यावाचून त्याला दोषी म्हणण्याचा अधिकार मात्र समाजाला पोहोचत नाही.