देवळाच्या पायात राख

प्रशांत महासागरातल्या कवाई बेटावर शंकराचं एक देऊळ उभं आहे, इराइवन त्याचं नाव. ते बांधायला घेणारे सद्गुरू शिवाय सुब्रमुनियस्वामी जन्मानं अमेरिकन आणि दीक्षेनं शैव. देऊळ हजार वर्षं टिकलं पाहिजे, एवढी एकच मोठी अट त्यांनी घातली होती. त्यासाठी पांढरा ग्रॅनाइट बंगळुरूजवळ छिन्नी-हातोड्यानं घडवायचा आणि जहाजानं हवाईला न्यायचा, असं ठरलं. दगडाची कुणाला चिंता नव्हती. दक्षिणेतल्या चोळकालीन देवळांनी हजार वर्षांची परीक्षा आधीच दिलेली आहे. अडलं ते पायापाशी. समुद्राच्या खाऱ्या हवेत आजचं सळईचं काँक्रीट शंभर वर्षं काढेल याचीही खात्री कोण देणार?

उत्तर दिलं ते कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कलीला शिकवणाऱ्या पी. कुमार मेहता यांनी. सळई अजिबात घालू नका, सिमेंट निम्म्याहून कमी करा आणि त्याच्या जागी कोळशाच्या वीज केंद्रातली राख, म्हणजे फ्लाय अॅश वापरा, असं त्यांनी सुचवलं. 1999 मध्ये सुमारे 36 मीटर लांब आणि 17 मीटर रुंद असा पाया त्या मिश्रणानं ओतला गेला.

इथवर ही अभियांत्रिकीची गोष्ट झाली. पण शैवाच्या बाबतीत ती तिथे थांबत नाही. रोज सकाळी कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे ओढायचे, ते देहाची अखेर राखच आहे याची आठवण राहावी म्हणून. मग त्याच माणसानं राखेतून हजार वर्षं न हलणारं काही उभारावं, ही श्रद्धा म्हणायची की अहंकार?

आपल्या परंपरेचा कौल वरवर पाहता टिकाऊपणाच्या विरुद्धच पडतो. पुरीच्या जगन्नाथाची लाकडी मूर्ती ठरावीक वर्षांनी बदलते. 2015 मध्ये असा नवकलेवर झाला. लिंगायत विचारात एका जागी बसलेल्या स्थावरापेक्षा हिंडत्या जंगमाचा मान मोठा. मराठी घरात तर देव दीड दिवसात पाण्यात जातो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. देवळं पडत, पाडली जात, पुन्हा उभी राहत. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा केला. जपानात इसे इथल्या शिंतो देवळाचं तर हे व्रतच आहे. दर वीस वर्षांनी शेजारच्या रिकाम्या जागेवर तेच देऊळ नव्यानं बांधायचं आणि जुनं उतरवायचं. बासष्टावी खेप 2013 मध्ये झाली. तेराशे वर्षांची ही रीत, पण त्यातलं लाकूड मात्र वीस वर्षांपलीकडचं नाही.

मग कवाईच्या साधूंनी हा धडा घेतला नाही का? घाईनं तसं म्हणू नये. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं होऊ शकतं, कारण त्याचं लाकूड पुन्हा उगवतं आणि उतरवलेले वासे इतर देवळांच्या कामी येतात. शाडूचा गणपती विरघळू शकतो, कारण शाडू पुन्हा मातीच होते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीवरून महाराष्ट्रात इतकी वर्षं वाद चालला आहे, तो याचमुळे: विसर्जनाचा मंत्र तोच, पण पदार्थ जायला तयार नाही. सिमेंटची गत त्याहून वाईट. चुनखडी भाजताना ती हवेत कार्बन डायऑक्साइड सोडते आणि भट्टीचं इंधन त्यात भर घालतं. टनाला टन नाही तरी त्याच्या जवळपास. एकदा भाजलेली चुनखडी उगवून येत नाही. असलं काही पन्नास वर्षांत पाडून पुन्हा बांधायचं आणि त्याला अनित्यतेचं तत्त्वज्ञान म्हणायचं, ही शुद्ध पळवाट आहे. ज्या पदार्थासाठी निसर्गाकडून मोठं कर्ज काढलं, त्याला दीर्घायुष्य देणं ही उधळपट्टी नसून परतफेड आहे. अनित्यता मान्य करायची तर ती मातीशी आणि लाकडाशी. काँक्रीटशी तो व्यवहार जमत नाही.

राख हे आयुष्य वाढवते कशी, हेही पाहण्यासारखं आहे. सिमेंट आणि पाण्याच्या संयोगातून घट्ट धरून ठेवणारा एक चिकट पदार्थ तयार होतो आणि सोबत थोडा मोकळा चुना उरतो. हा चुना काँक्रीटचा दुबळा भाग. पाणी त्यालाच आधी धुऊन नेतं. फ्लाय अॅशमधली बारीक सिलिका या उरलेल्या चुन्याला गाठते आणि त्यातून पुन्हा तोच चिकट पदार्थ बनवते. छिद्रं बुजतात, पाणी आणि मीठ आत शिरायला वाट उरत नाही. सिमेंट कमी असल्यानं आतली उष्णता कमी, म्हणून तडेही कमी. रोमन लोकांनी हेच ज्वालामुखीच्या राखेनं केलं होतं. रोममधल्या पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट एकाही सळईशिवाय जवळजवळ एकोणीसशे वर्षं डोक्यावर आहे. सळई नसणं हेच त्याच्या दीर्घायुष्याचं अर्धं कारण. लोखंड गंजलं की फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं.

फक्त हे सगळं सावकाश होतं. नेहमीच्या काँक्रीटची ताकद 28 दिवसांनी मोजतात. राख जास्त असेल तर 56 किंवा 90 दिवस थांबावं लागतं. ठेकेदाराला हे रुचत नाही. हजार वर्षांचा हिशेब करणाऱ्याला दोन महिने जड जाऊ नयेत, पण उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि मिश्रण मागाहून.

कवाईनंतर ही वाट रुळली. अबू धाबीच्या स्वामिनारायण मंदिराच्या पायात फ्लाय अॅश आहे. अयोध्येच्या राममंदिराखाली रोलरनं दाबलेल्या काँक्रीटचा 14 मीटर जाडीचा थर आहे, त्यातही ती आहे. लोखंड मात्र मंदिरात नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं घाटघर देवाचं नव्हे, विजेचं काम. पण भारतातलं पहिलं रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटचं धरण तिथलंच, आणि त्यातही राखेचा वाटा मोठा. देवळासाठी आणि धरणासाठी एकच कृती चालते, यात कुणाच्या भावना दुखावण्यासारखं काही नाही. शिल्पशास्त्रालाही शेवटी ओझं पेलणारी जमीनच हवी असते.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. ही राख येते कुठून?

नागपूरजवळ कोराडीला जगदंबेचं प्रसिद्ध देवस्थान आहे आणि तिथेच औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आहेत. नवरात्रात लाखो भाविक येतात. त्याच परिसरातला खसाळ्याचा राख बंधारा जुलै 2022 मध्ये फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत पसरला. या राखेत सिलिकाबरोबर आर्सेनिक, शिसं, पारा यांचे अंशही असतात. काँक्रीटमध्ये बांधली गेली की ती बरीचशी निरुपद्रवी. उघड्या बंधाऱ्यात मात्र ती विहिरीत आणि छातीत उतरते. देशात वर्षाला 25 कोटी टनांहून जास्त राख निघते. ती सगळी वापरलीच पाहिजे, असा नियम केंद्र सरकारनं 2021 च्या अखेरीस नव्यानं बजावला. पण जुन्या बंधाऱ्यांतले डोंगर अजून तिथेच आहेत. शुद्ध-अशुद्धाचा विचार करायचाच असेल तर तो गाभाऱ्याखालच्या राखेबद्दल करण्यात अर्थ नाही. तो या गावांतल्या पाण्याबद्दल करावा.

दुसरी एक गंमत, थोडी कडवट. काही देशांत कोळशाचं युग उतरणीला लागलं आहे. ब्रिटननं आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र 2024 मध्ये बंद केलं. अमेरिकेत नवी राख कमी पडू लागल्यानं जुने साठे उकरून वापरणं सुरू झालं आहे. म्हणजे हजार वर्षांच्या देवळाचा पाया अशा इंधनाच्या उरलेल्या राखेवर, ज्याची सद्दी जेमतेम अडीचशे वर्षांची. फ्लाय अॅशच्या नावानं कोळसा जाळत राहण्याचं समर्थन करणं म्हणूनच लबाडीचं आहे. राख आहे तोवर ती कामी लावावी. राखेसाठी भट्टी पेटवू नये.

महाराष्ट्रात आज गावोगावी सभामंडप आणि भक्तनिवास उभे राहत आहेत, बहुतेक सळई आणि सिमेंटचे. त्यांच्या विश्वस्तांनी निविदा काढण्यापूर्वी अभियंत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: मिश्रणात फ्लाय अॅश किती, ती कुठल्या बंधाऱ्यातून किंवा केंद्रातून येणार, आणि ताकद मोजायला 28 दिवसांऐवजी 90 दिवस थांबण्याची तयारी आहे का. वर्गणी देणाऱ्या भाविकांनाही हे विचारण्याचा तितकाच हक्क आहे.