पित्याचे व्यसन आणि पुत्राचा दोष

जो दोष आपल्या ठायी आहे, त्याचा निषेध दुसऱ्यापाशी करण्याचा अधिकार मनुष्यास असतो काय, हा नीतिविचारातील जुना प्रश्न आहे. सभेत तो तत्त्वचर्चेचा विषय असतो. घरात मात्र त्याचे उत्तर तत्काळ द्यावे लागते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या खिशात विडीचे बंडल सापडते. पिता संतापून हात उगारतो. मुलगा मान खाली घालून एवढेच म्हणतो, "बाबा, तुम्हीही ओढताच ना?" आणि उगारलेला हात तसाच राहतो. या प्रसंगात तीन प्रश्न गुंतलेले आहेत. मुलाच्या व्यसनाचा दोष कोणाचा? पित्याचा निषेध खोटा ठरतो काय? आणि त्या पित्याने यापुढे काय करावे?

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. आईबापांच्या व्यसनाचा मुलांशी संबंध आहे, हे केवळ अनुमान नव्हे. २०११ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या ५८ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. ज्या घरी आईबाप धूम्रपान करीत नाहीत तेथील मुलांशी तुलना करता, दोघांपैकी निदान एक जण करीत असल्यास मुलाने धूम्रपान आरंभण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर १.७२ आढळले, दोघेही करीत असल्यास ते २.७३ झाले. उलट, मूल लहान असतानाच आईबापांनी व्यसन सोडले तर ते पुढे त्या वाटेला जाण्याची शक्यता घटते, असेही अमेरिकेतील दीर्घकालीन निरीक्षणांतून दिसून आले आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे रूप थोडे निराळे आहे. २०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूसेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच होते. येथे धुरापेक्षा चुन्याबरोबर मळलेली चिमूट आणि दातांना लावलेली मिसरी अधिक. म्हणून विडीविषयी पुढे जे म्हटले आहे ते चंचीलाही लागू समजावे.

हा परिणाम घडतो कसा, हे एका दृष्टान्ताने स्पष्ट होईल. सायंकाळी शेतावरून आलेला पिता ओसरीवर टेकतो आणि आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर पैसे ठेवून म्हणतो, "जा, टपरीवरून बंडल आणि काडीपेटी घेऊन ये." मूल धावत जाते, धावत येते, उरलेल्या पैशांची गोळी त्याला मिळते. पिता विडी पेटवतो, आणि दिवसभराचा शीण त्याच्या मुखावरून उतरताना मुलाला दिसतो. कोणी काहीच शिकविले नाही. तरी मुलाने तीन गोष्टी शिकून घेतल्या. ही वस्तू कोठे मिळते. ती आणून देणारा घरात लाडका होतो. आणि शीण आला की मोठी माणसे हिचाच आश्रय करतात. पुढे सात वर्षांनी परीक्षेचे भय किंवा सोबत्यांतील मानापमान त्याला छळू लागतो, तेव्हा त्याचे मन तिसऱ्या पाठाकडे वळते. विडी पुढे करतो तो मित्र, हे खरे. परंतु ती घेणारा हात घरीच तयार झालेला असतो.

दार्ष्टान्तिक असे की, उपदेश प्रसंगी कानी पडतो, आचार दररोज दृष्टीस पडतो. म्हणून पाहिलेल्याचा संस्कार ऐकलेल्याहून दृढ होतो. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. बाजारात जे निषिद्ध, ते घरात मात्र कौतुकाने चालते.

येथे कोणी अशी शंका घेईल की, प्रत्येक जीव आपल्या कर्माचा स्वतःच कर्ता व भोक्ता आहे. मग पुत्राच्या कर्माचा भार पित्यावर कसा घालता येईल? याचे समाधान असे की, पुत्राचे कर्म पुत्राचेच आहे. परंतु निमित्त होणे हेही एक स्वतंत्र कर्म आहे, आणि ते पित्याचे आहे. विहिरीला कठडा न बांधणाऱ्याने कोणास ढकललेले नसते; तथापि पडलेल्याच्या घरी जाऊन "तो आपल्या पायांनी चालत गेला" असे म्हणण्याचे धैर्य त्याला होत नाही. शिवाय किशोरवयात मेंदूची वाढ पुरी झालेली नसते व निकोटीनचे बंधन लवकर पडते. जाणत्याने अजाणत्यापुढे ठेवलेले उदाहरण म्हणूनच अधिक गंभीर ठरते.

धुराच्या बाबतीत तर निमित्ताचाही आडपडदा उरत नाही. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. बंद खोलीत तो धूर मुलाच्या श्वासात जातो. दमा बळावतो, कानाचे व छातीचे विकार वाढतात. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या गृहस्थाने या पीडेस हिंसा म्हणण्यास कचरू नये.

दुसरी शंका अशी की, मद्यमांसाचा निषेध स्पष्ट आहे, पण तंबाखूचे नाव लीळाचरित्रात कोठे आहे? नाही हे खरे. कारण ती त्या काळी या देशातच नव्हती. म्हाइंभटांचे संकलन तेराव्या शतकातील. तंबाखू ही अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती पुढे दख्खनमध्ये आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेगाने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली आणि १६१७ साली जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. नामनिर्देश नसणे ही अनुज्ञा नव्हे.

तिसरी शंका सर्वांत कठीण आहे. स्वतः ओढणाऱ्याने मुलाला मनाई करणे हा दंभ नव्हे काय? त्यापेक्षा मौन अधिक प्रामाणिक नव्हे काय? येथे वचनाची सत्यता आणि वचनाचे सामर्थ्य यांत भेद केला पाहिजे. आजारी वैद्याने सांगितलेले पथ्य चुकीचे ठरत नाही. मात्र तो स्वतः ते पाळीत नाही हे दिसले की रोगी ते मनावर घेत नाही. व्यसनी पित्याचा निषेध असाच खरा, परंतु दुबळा असतो. मौन हा त्यावर उपाय नव्हे. मौनाचा अर्थ मूल संमती असा करते. लपून ओढणे हाही उपाय नव्हे. कपड्यांचा वास लपत नाही, आणि मूल व्यसनाबरोबर लपवणेही शिकते. उरतो तो मार्ग आज्ञेऐवजी कबुलीचा. "तुझ्याच वयात पहिली विडी ओढली, आज सोडीन म्हणतो तर हात थरथरतो. या बेडीत तू पाय घालू नकोस," असे म्हणणारा पिता मुलाच्या दृष्टीने लहान होत नाही. त्याचे व्यसनच तेव्हा त्याच्या वचनाला साक्ष देते.

तथापि कबुलीमागे कृती नसेल तर कबुलीचीही सवय होऊन जाते. व्यसन सोडण्याचा दिवस ठरवावा, तो घरात सांगावा, आणि मुलाला टपरीवर धाडणे त्याच क्षणी बंद करावे. निकोटीन सुटताना आरंभी चिडचिड होते, झोप लागत नाही. हे आधी सांगून ठेवले तर घरची माणसे ते सोसतात. पहिल्या प्रयत्नात अनेकांना यश येत नाही. अशा वेळी वैद्याचे साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. शासनाची निःशुल्क दूरध्वनी सेवाही २०१६ पासून आहे. घसरलेला पिता पुन्हा उभा राहताना मुलाने पाहिला, तर बंधन किती घट्ट असते आणि ते तोडण्याचा यत्न कसा करावा, हे दोन्ही त्याला कळते.

पुत्रानेही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पित्याचे व्यसन हे त्याच्या व्यसनाचे कारण असू शकेल. ती परवानगी नव्हे. "तुम्हीही ओढताच ना" हे वाक्य पित्यास निरुत्तर करते, पण छातीतल्या रोगाला ते सांगून भागत नाही. उपदेश करणाऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. वासनिकाच्या घरी मुलाला तंबाखूचे दोष सांगण्यापूर्वी साधूने ओसरीवरील चंचीकडे पाहावे व आधी पित्याशी बोलावे. ती आपल्या झोळीत नाही ना, हे तर त्याहून आधी पाहावे.

राहिला तो उगारलेला हात. तो मुलावर पडून काही साधणार नाही. तो खाली यावा, आपल्या खिशातील बंडल काढावे आणि मुलाच्या बंडलाशेजारी ठेवावे. दोन्ही एकाच वेळी उकिरड्यावर जावीत. मनाई करण्याचा जो अधिकार पित्याने गमावला होता, तो त्याला तेथून परत मिळू लागतो.